गोदाआतेची लिंबं

रत्नागिरीला थंडी पडते, यावर घाटावरच्या माणसांचा विश्वास बसत नाही. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या साताऱ्याकडच्या एक बाई होत्या. त्या डिसेंबरातही पंख्याखाली बसायच्या आणि मी शाल पांघरलेली बघून हसायच्या. त्यांना काय सांगणार? आमची थंडी अंगावर येत नाही, ती छातीत उतरते. पहाटे कौलांवरून दव ठिबकत असतं, मागच्या कातळाच्या सड्यावरून वारा येतो, पेटवलेल्या पाल्याच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि घराघरांतून खोकल्याचे आवाज यायला लागतात. म्हाताऱ्यांचा घोगरा, बायकांचा पदरात दाबलेला, पोरांचा भुंकल्यासारखा. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या मी खोकल्यावरून घर ओळखायचे. आणि हे खोकले सुरू झाले की आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माणसं यायला लागायची, लिंबं मागायला.

आमचं घर शहर संपून मिरजोळं सुरू होण्याच्या मधल्या पट्ट्यात होतं. तेव्हा तिथे सहा-सात घरं, मधून कुंपणाला दगडांचे गडगे आणि मागे सगळा कातळ. बाबा मिरजोळ्याला एका लहानशा कारखान्यात फिटर होते, सकाळी डबा अडकवून सायकलवरून जायचे. घरात आई, मी, माझ्याहून सात वर्षांनी धाकटा बाळू आणि गोदाआते. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला जयगडला दिलेली. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तो तिचा नवरा मचव्यावर गेला आणि परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. बाबा जाऊन तिला घेऊन आले. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला कळायला लागल्यापासून आते आमच्याच घरात होती, आणि घरात तिची सत्ता आईपेक्षा थोडी कमी आणि बाबांपेक्षा पुष्कळ जास्त होती.

आमच्या भागात आंबटाला आमसूल, नाहीतर कैरी, फार तर चिंच. लिंबू ही बाजारातून आणायची वस्तू. कातळावर लिंबी धरत नाही, धरली तर फळत नाही, असं सगळे म्हणत. आतेने न्हाणीच्या मागे, सांडपाणी जायचं तिथे, एक लिंबी लावली होती. तिला चुलीतली राख आणि मासे धुतलेलं पाणी घालायची आणि कोणी फांदीला हात लावला तर अंगावर धावायची. मार्गशीर्षात त्या झाडावर पानांपेक्षा लिंबं जास्त दिसत. पातळ सालीची, अजून हिरवट, आणि इतकी रसाळ की कापताना समोरच्याच्या डोळ्यांत चिळकांडी जायची.

मग आमचं स्वैपाकघर दोन-तीन महिने लिंबाने भरून जायचं. आते लोणच्याची लिंबं कोरड्या फडक्याने एकेक पुसायची. त्यात पाण्याचा थेंब राहिला तर वर्षाची बरणी वाया, हे ती मला दर वर्षी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायची. अर्ध्या लिंबांचं गुळातलं लोणचं, अर्धी नुसती मिठात. बरण्यांच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून त्या खळ्यातल्या उन्हात मांडायच्या आणि सावली सरकेल तशा सरकवायच्या. रोज एकदा बरणी छातीशी धरून हलवायचं काम माझं. फडताळाच्या तळाशी एक बरणी होती, तिच्यातली मिठातली लिंबं मुरून मुरून काळी पडली होती. ती ताटात वाढायची नव्हती. पोट दुखलं, मळमळलं, तर त्यातली नखाएवढी फोड जिभेवर ठेवायची. त्या चवीचं वर्णन मला आजही करता येत नाही. खारट म्हणावं तर तेवढंच नव्हतं. दुखणं चवीला असतं तर असंच लागलं असतं, एवढंच म्हणता येईल.

खोकल्यावर तिचं औषध वेगळं. चुलीतल्या निखाऱ्यांवर अख्खं लिंबू ठेवायचं, साल तडकून सुस्कारा टाकला की काढायचं, गरम असतानाच कापून त्यावर सैंधव आणि मिरपूड भुरभुरायची आणि हळूहळू चोखायचं. शेजारच्या बायका कडेवर पोरं घेऊन यायच्या आणि चुलीपुढे ओळीने बसायच्या. लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन ती आमच्या भेगाळलेल्या टाचा घासायची. मी किंचाळले की म्हणायची, "झोंबलं म्हणजे लागू पडलं." कोंड्याला खोबरेल आणि लिंबाचा रस, पितळेच्या समईला पिळून उरलेली साल. शुक्रवारी बाबा बांगडे आणायचे. ते तळले जात असताना आते हातात अर्धं लिंबू घेऊन तव्याशी उभी राहायची, आणि थाळीत पडलेल्या बांगड्यावर ती ते पिळायची तेव्हा होणारा चर्र आवाज, तो आमच्या घरातला सुखाचा आवाज होता. घरात सुखाचे आवाज तसे फार नव्हते, म्हणून तो लक्षात राहिला.

तिसरं काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. कोणाचं मूल रडायचं थांबेना, कोणाच्या नव्या रिक्षाने पहिल्याच आठवड्यात दगा दिला, कोणाच्या कलमांना मोहोर जास्तच आला आणि वाटेवरचा माणूस थांबून "वा" म्हणाला, की माणसं आतेकडे यायची. ती लिंबू घेऊन माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची, मग लिंबू मधोमध कापून आत कुंकू भरायची आणि पानात गुंडाळून तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, टाकायला पाठवायची. टाकणाऱ्याने वाटेत बोलायचं नाही, परतताना मागे बघायचं नाही.

एकदा मी तिला विचारलं होतं, "आते, खरंच जाते काय गो दृष्ट?"

ती बरण्यांची फडकी वाळत घालत होती. म्हणाली, "लिंबू ते काय करतंय? आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी केलंन, एवढं माणसाला वाटलं की अर्धं दुखणं जातं. उरलेल्या अर्ध्याला डॉक्टर."

आता रिक्षाला प्लॅस्टिकचं लिंबू आणि प्लॅस्टिकच्या मिरच्या लटकतात. परवा मी एका रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, दर शनिवारी बदलायला नको."

आमच्या शेजारी, गडग्याच्या पलीकडे, शेवंताकाकू राहायच्या. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा यायचे. काकू आणि आते यांची मैत्री म्हणावी तर दिवसातून एकदा भांडण व्हायचं, आणि भांडण म्हणावं तर एकीच्या घरचं कालवण दुसरीच्या घरी गेल्याशिवाय जेवण होत नसे. काकूंची एकुलती मुलगी मंदाताई. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. मला साखळीटाका तिने शिकवला, वेणीत अबोली माळायला तिने शिकवलं, आणि तिचं लग्न होऊन ती चिपळूणकडे गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. त्या वर्षी थंडीत ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना लागलेला. तिला आंबट खावंसं वाटायचं म्हणून आते रोज गडग्यावरून तिला गोड लोणच्याची फोड द्यायची आणि म्हणायची, "हळू खा गो, पोरगं आंबट तोंडाचं होईल." मंदाताई हसायची तेव्हा तिच्या पोटाला हात जायचा.

त्याच दिवसांत बाळूला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता तो निळा पडायचा, शेवटी एक लांब हुप्प असा आवाज यायचा आणि मग उलटी. शहरातल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, आतेनेच आईला पहिल्या दिवशी रिक्षात बसवून पाठवलं होतं. पण आठ-दहा दिवस गेले तरी उतार पडेना. आईचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "वन्सं, त्याच्यावरून एकदा उतरवा तरी." आतेने उतरवलं. लिंबू कापलं, कुंकू भरलं, केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. एरवी बाबा जायचे, पण त्या आठवड्यात त्यांची पाळी दुपारची होती.

"तिठ्यावर टाकून ये. बोलू नको, मागे बघू नको. मी भात टाकते, तू येईस्तोवर होईल."

तिठा आमच्या घरापासून बराच लांब, उतार संपल्यावर. तिथे एक जुनी सातवीण होती. थंडीत ती फुलली की तिचा वास इतका जड व्हायचा की डोकं दुखायचं, आणि त्या झाडाबद्दल मुलांमध्ये नाही नाही त्या गोष्टी होत्या. दिवस मावळला होता, धुरकट झालं होतं. मी शेवंताकाकूंच्या परसाच्या कडेकडेने निघाले. त्यांचा गडगा संपतो तिथे मला सातविणीचा वास आला आणि माझे पाय थांबले. पुढे जाववेना. परत जाऊन सांगायची सोय नव्हती, कारण बोलायचं नव्हतं. गडग्याच्या आत, काकूंच्या मागच्या दाराजवळ, करवंदीची जाळी होती. त्या जाळीत टाकलं तर कोणाला कळणार, असं मनात आलं आणि मी डोळे मिटून लिंबू भिरकावलं. ते जाळीत पडलं नाही. दगडावर काहीतरी मऊ आपटल्याचा आवाज आला. मागे बघायचं नव्हतं म्हणून मी बघितलं नाही. थोडा वेळ तिथेच उभी राहिले आणि मग पळत घरी आले. आते चुलीपुढे बसली होती. तिने वर बघून विचारलं, "टाकलंस?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून काकूंचा आवाज आला. त्यांच्या मागच्या दाराच्या पायरीवर कापलेलं लिंबू पडलं होतं, कुंकू लावलेलं, आणि मंदाताई चूळ भरायला बाहेर आली तेव्हा ते ओलांडून गेली होती. काकूंनी ते खराट्याने लोटून लांब टाकलं, पायरी धुतली. कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त दोन दिवस लोणचं घ्यायला मंदाताई गडग्याशी आली नाही.

बाळूचा खोकला मात्र उतरायला लागला. औषधाने असेल, दिवस भरले म्हणून असेल. आई म्हणाली, लिंबाने गुण दिलान. मला वाटलं, चला, माझं लिंबू भलतीकडे पडलं तरी चाललं.

आणि आठव्या दिवशी दुपारी मंदाताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. वेळेच्या फार आधी. रिक्षा आणली, दोन बायका बरोबर गेल्या. मी दारात उभी होते. रिक्षा खड्ड्यातून जाताना मंदाताईचा जो आवाज आला तो मी कोणत्याच घराच्या नावावर लावू शकले नाही. संध्याकाळी बातमी आली. मुलगा होता. जिवंत नव्हता.

पुढचे चार-पाच दिवस आळी गप्प होती. मी शाळेत जात होते, येत होते. वहीत मान घालून बसायचे आणि शाईकडे बघत राहायचे. माझ्यापुरतं सगळं ठरून गेलं होतं. मी लिंबू टाकलं, मंदाताईने ओलांडलं, बाळ मेलं. डॉक्टर, वेळ, नशीब, असलं काही मधे नव्हतंच. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोष्टी अशाच एकीला एक लागून असतात.

रविवारी सकाळी शेवंताकाकू आमच्या खळ्यात आल्या. मागे चार बायका होत्या, त्यांतल्या दोघी आठवड्यापूर्वी आमच्या चुलीपुढे पोरं घेऊन बसलेल्या. बाबा घरी होते. काकूंनी चप्पल घातली नव्हती आणि केस तसेच मोकळे होते.

"गोदे, बाहेर ये."

आते हात पुसत बाहेर आली. "ये, बस. मंदा कशी आहे?"

"तिचं नाव घेऊ नको. माझ्या लेकीच्या पायात लिंबू टाकलंस. तिने ओलांडलंन आणि माझा नातू गेला. आळीत लिंबाचं झाड कोणाकडे आहे? कुंकू भरून देतं कोण?"

आते एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "शेवंते, दुःखात आहेस म्हणून ऐकून घेते. मंदा मला परकी आहे काय? त्या दिवशी बाळूवरून उतरवलेलं लिंबू मी तिठ्यावर पाठवलं होतं. नलू गेली होती. विचार तिला."

मी ओटीवर खांबाला धरून उभी होते. सगळ्यांच्या माना वळल्या. काकूंचे डोळे सुजून लाल झाले होते. त्या डोळ्यांत बघून, तुमच्या नातवाला मी मारलं, असं कसं सांगायचं?

"सांग गो नले," आते म्हणाली. "कुठे टाकलंस लिंबू?"

"तिठ्यावर."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे दारातलं ते दुसरंच. ते मुद्दाम टाकलेलं."

त्या एका शब्दाने मी काय केलं, हे तो उच्चारल्यावर मला कळलं. खरं सांगितलं असतं तर तो एका पोरीचा भित्रेपणा ठरला असता. फार तर मला मार बसला असता, काकूंनी चार शिव्या दिल्या असत्या. तिठ्यावर म्हणाले आणि तिथल्या तिथे ती करणी झाली.

आतेने माझ्याकडे बघितलं. किती वेळ कोण जाणे. त्या नजरेत आधी प्रश्न होता, मग तो नव्हता. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. काकूंकडे वळून म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही," आणि आत गेली.

"बघा, बघा," काकू ओरडल्या. "वांझोटीला दुसऱ्याची कूस उजवलेली बघवली नाही!" मग त्या खळ्यातच मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. बाबा मधे पडले, हात जोडले, बायकांनी काकूंना उठवून नेलं. त्या पाठमोऱ्या गेल्या तेव्हा त्यांचे पाय मातीत ओढत होते. मला त्यांचा राग कधीच आला नाही.

त्यानंतर आमच्या खळ्यात कोणी आलं नाही. थंडी सरली नव्हती, खोकले चालूच होते, पण चुलीपुढे पोरांची ओळ बसली नाही. आते विहिरीवर गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या आणि ती गेल्यावर पुन्हा पुढे यायच्या. काकूंनी गडग्यावर दगडांचे आणखी दोन थर चढवून घेतले. बाबा एका संध्याकाळी जेवताना खाली बघत म्हणाले, "अक्का, हे उतरवण्याचं आता बंद कर." आते म्हणाली, "कधीच केलंय." आईने तोंडाने एक शब्द काढला नाही. पण बाळू आतेच्या मांडीवर जाऊन बसला की आई काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारायची. आतेला ते पहिल्याच दिवशी कळलं. मग बाळू जवळ आला की तीच उठून कामाला लागायची. लिंबं पिकून पिवळी झाली, गळली, झाडाखाली कुजली. त्यांचा कुबट गोडसर वास न्हाणीत यायचा. त्या वर्षी लोणचं घातलं गेलं नाही.

मी एकदा धीर केला. आई तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "आई, ते लिंबू होतं ना..." आईने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हिला माहीत आहे, किंवा माहीत करून घ्यायचं नाही. म्हणाली, "झालं ते झालं. आता नवीन काही काढू नको. तुझ्या बाबांना आळीत राहायचंय." आणि सूप उचलून पाखडायला लागली.

शिमग्याच्या आधी आतेने जाहीर केलं की ती जयगडला जाणार. तिथे दीर होता, त्याच्या घराशेजारी नवऱ्याच्या वाटणीची एक खोली पडून होती. बाबांनी नको म्हटलं, पण म्हणायचं म्हणून म्हटलं, हे मलाही कळलं. निघायच्या दिवशी सकाळी तिने मला न्हाणीपुढे बसवलं आणि डोक्याला तेल आणि लिंबाचा रस चोळायला लागली. तिची बोटं नेहमीसारखीच होती, दणकट.

"नले," ती म्हणाली, "त्या दिवशी तू गेलीस तेव्हा मी भात टाकला होता. तू आलीस तेव्हा त्याला कढसुद्धा आला नव्हता. तिठ्यावर जाऊन एवढ्यात कोणी येत नाही."

माझ्या डोळ्यांत रस गेला असावा, कारण ते झोंबायला लागले. "मग तू का नाही बोललीस?"

"काय बोलू? बारा वर्षांच्या पोरीचं नाव पुढे करू? जन्मभर तुला त्याच नावाने ओळखलं असतं या लोकांनी."

मी रडायला लागले. तिने माझं डोकं समजूत घातल्यासारखं धरलं नाही. चोळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला तुझा राग आला होता. अजून आहे. उगाच गोड बोलायची नाही मी. पण तो माझ्याकडे राहू दे."

एसटीत तिने खिडकीशी जागा धरली होती. गाडी सुटली तेव्हा तिने बाळूकडे बघून हात हलवला. माझ्याकडे बघितलं का, ते मला सांगता येत नाही. मी तेव्हा खाली बघत होते.

आते पुढे सात वर्षं जगली. त्या सात वर्षांत मी जयगडला दोनदा गेले, दोन्ही वेळा बाबांबरोबर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या गावात तेव्हा नुसती होड्यांची ये-जा होती. आता तिथे भलंमोठं बंदर झालंय, मालाचे ट्रक रस्त्याला लागलेले असतात, आणि आतेची खोली कुठे होती तेही सापडत नाही. तिने आम्हाला जेवायला वाढलं, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. मी डी.एड.ला असताना एका थंडीत ती तापाने गेली. निरोप पोचून आम्ही जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या शेजारच्या बाई बाबांना सांगत होत्या, "लय गुणाची बाय. कोणाच्याही अडीअडचणीला धावायची. पण एक होतं, दृष्ट काढायला कधी तयार झाली नाय. आमी किती सांगायचो, तुमच्या हाताला गुण हाय म्हणतात. तर म्हणायची, मला नाय जमत. लिंबाला हात लावायची नाय." बाबांनी मान डोलावली. मी समुद्राकडे तोंड करून उभी होते.

मंदाताईला नंतर दोन मुलं झाली. तिचा संसार चांगला झाला, असं कानावर यायचं. मी तिच्यासमोर जायचं टाळलं, लग्नाकार्यात दिसली तर पंगतीची दुसरी बाजू धरली. काकू गेल्या, आई-बाबा गेले. शिक्षिका म्हणून मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि दर वेळी ते वाक्य फळ्याकडे वळून म्हणायचे.

गेल्या थंडीत कळलं की मंदाताई मुलाकडे रत्नागिरीत राहायला आली आहे, गुडघ्यांनी घराबाहेर पडत नाही. मी महिनाभर विचार केला आणि एका दुपारी गेले. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. केस पांढरे झालेले, पण मला बघून हसली ती तशीच. तिची सून पाणी देऊन आत गेली. मी इकडचं तिकडचं बोललेच नाही. बोलले असते तर पुन्हा राहून गेलं असतं. सातवीण, करवंदीची जाळी, दगडावरचा आवाज, खळ्यातलं ते "तिठ्यावर", सगळं एका दमात सांगितलं.

मंदाताईने सून गेली त्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "नलू, ते लिंबू पडलं ना, त्याच्यानंतर चार दिवसांनी मी विहिरीवर पडले होते."

"कशी?" मी विचारलं.

"आईला ताप होता. मी पाण्याला गेले. पायरीला शेवाळ होतं. पालथी पडले. आईनेच येऊन उचललंन मला. पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं होतं. आई म्हणाली, कोणाला बोलू नको, सासरचे म्हणतील, पोटुशी बाईला पाण्याला धाडलंन. ते बाळ त्याच्यानेच गेलं की आणखी कशाने, देव जाणे. पण आईला मनातून वाटत होतं की तिच्यामुळे गेलं." ती थांबली. "ते तिला सहन झालं नसतं, नलू. लिंबू होतं म्हणून ती जगली."

"आणि तू?"

"मी आत खाटेवर होते. तुमच्या खळ्यातलं सगळं ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. नाही मारली. पुढे आई होती तोवर बोलायची सोय नव्हती, आणि आई गेल्यावर वाटलं, आता कोणाला सांगायचं?"

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आजवर मी एकटीने धरून ठेवलेलं ओझं दोघींचं निघालं, आणि आते आमच्या दोघींच्या मधून, आम्ही गप्प राहिलो म्हणून, एसटीत बसून निघून गेलेली दिसायला लागली.

सून चहा घेऊन आली. तिशीतली, कामाची घाई असलेली मुलगी, मिरजोळ्याला एका ऑफिसात जाते. कप ठेवून ती वळली तेव्हा मंदाताईने तिचा हात धरला.

"बस जरा."

"आई, कुकर लावलाय."

"लागू दे. बस." ती टेकली. मंदाताईने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आमच्या माहेरी शेजारी एक गोदाआते होत्या. त्यांच्यावर आळीने आळ घेतलान. त्यांनी काही केलेलं नव्हतं."

सुनेने गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मंदाताई सांगायला लागली. विहिरीपाशी आल्यावर तिचा आवाज बसला, तेव्हा तिथून पुढचं मी सांगितलं.